किनाऱ्यावरचं देणं

पन्नाशी उलटलेल्या माणसानं पाठीवर पिशवी अडकवून परमुलखात हिंडायला जाऊ नये, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून मी जाऊन आलो. २०२३ च्या जुलैमधली ही गोष्ट. पूर्व आफ्रिकेतल्या टांझानिया देशाच्या किनाऱ्यावर मी अठरा दिवस हिंडलो. सिंह पाहिला नाही, किलिमांजारोही पाहिला नाही. ती चैन माझ्या खिशाला परवडणारी नव्हती. मी पाहिला तो समुद्र, आणि समुद्राकाठची जुनी गावं. त्या गावांविषयी आज बोलायचं आहे.

आधी पैशांचं सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत पैसा येणार आहे. मी एका पतसंस्थेच्या कर्जविभागात कारकून आहे. कविता करतो ती रात्री. प्रवासासाठी एक लाख रुपये साठवले होते आणि त्यापलीकडे एक रुपया खर्चायचा नाही, असं ठरवलं होतं. चव्वेचाळीस हजार विमानाला गेले. चार हजारांवर व्हिसाला, शिवाय पीतज्वराची लस. उरले ते पन्नास हजारांच्या आतच. म्हणजे दिवसाला अडीच-पावणेतीन हजार रुपये. त्यात राहणं, खाणं, फिरणं सगळं आलं. रुपयाला एकोणतीस-तीस शिलिंग मिळत होते, त्यामुळे पहिल्या दिवशी खिशात नोटांची गड्डी घेऊन मी नवाबासारखा चाललो. संध्याकाळी हिशेब केला आणि पुन्हा कारकून झालो.

आता, गेलो कशासाठी? आमचं गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या खाडीजवळ. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडच्या पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या एक तर शेती केली, नाही तर बोटीवर खलाशाची नोकरी. १८७० च्या दशकात मुंबई आणि झांजिबार आगबोटींनी जोडले गेले. पुढं त्याच फेरीवर माझ्या दादीचे वडील खलाशी होते. त्यांच्याविषयी घरात एवढंच माहीत, की ते 'झंगबारला' जाऊन येत. कागद नाही, फोटो नाही. दादी मात्र आम्हा नातवंडांना विहिरीच्या पायऱ्या उतरवताना एक गाणंवजा मोजणी म्हणायची, 'मोजा, बिली, ताटू, ने, तानू.' अर्थ विचारला तर म्हणायची, 'माझा बाप म्हणायचा म्हणून मी म्हणते.' आम्ही ते बडबडगीत समजून विसरून गेलो होतो.

दार-ए-सलाममध्ये तिसऱ्या दिवशी मी एका 'दालादाला'त बसलो होतो. दालादाला म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी गाडी. माणसं मावत नाहीत तेव्हा ती भरली असं समजतात. दारात लोंबकळणारा पोरगा आत वाकून माणसं मोजू लागला, 'मोजा, म्बिली, ताटू, न्ने, तानो…' पाचवा मी होतो. त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि पुढं गेला. मी पुढच्या थांब्यावर उतरायचं विसरलो. पन्नास वर्षांपूर्वीच्या विहिरीवरची माझी दादी त्या गर्दीच्या गाडीत एक ते पाच मोजत होती.

त्यानंतर माझे कान उघडले. स्वाहिली ही आफ्रिकेच्या मातीतली भाषा. पण समुद्रावरून जे जे आलं त्यातलं हवं ते तिनं घेतलं आहे. पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', सरकारला 'सेरीकाली', हवेला 'हेवा', पुस्तकाला 'किताबू', हिशेबाला 'हेसाबू', लाखाला 'लाकी'. पगाराला 'मशाहारा' म्हणतात, म्हणजे आपला जुन्या दप्तरांतला मुशाहिरा. होडीच्या तांडेलाला 'नाहोधा' म्हणतात, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा नाखवा. कांदा-टोमॅटोची 'काचुंबारी' पानात पडते, 'चपाती' आणि 'चाय' तर आहेच. १९२० सालापर्यंत या भागात रुपया चालत असे. आणि आज तिथं तीनचाकी रिक्षेला 'बजाजी' म्हणतात! पुण्यातल्या कारखान्याचं नाव तिथल्या पोरांच्या तोंडी मातृभाषेतल्या शब्दासारखं बसलं आहे.

पण ओळखीचे शब्द भेटले म्हणजे मुलूख कळला असं नाही. किल्वाला जाणारी बस 'सा कुमी ना म्बिली', म्हणजे बारा वाजता सुटते, असं मला सांगितलं होतं. मी साडेअकराला थांब्यावर हजर. बस केव्हाच गेलेली. तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. एक मुक्काम वाढला, वीस हजार शिलिंग गेले. गेस्टहाउसच्या बाईंनी मात्र रात्रीचा भात आणि घेवड्याची उसळ फुकट वाढली आणि खूप हसल्या.

हा मुक्काम कारियाकू नावाच्या वस्तीत होता. दार-ए-सलामची सगळ्यात मोठी बाजारपेठ तिथली. कपड्यांचे गठ्ठे, भांडी, भाज्या, आणि गर्दीतून ओझी नेणारे हमाल. हे नाव कुठून आलं? पहिल्या महायुद्धात इंग्रज आणि जर्मन या भागात एकमेकांशी लढले. रस्ते नव्हते, माश्यांच्या चाव्यानं होणाऱ्या रोगामुळं बैल-घोडे टिकत नव्हते. म्हणून तोफगोळ्यांपासून पिठापर्यंत सगळं माणसांच्या डोक्यावरून न्यायचं. इंग्रजांनी लाखो आफ्रिकी माणसं हमाल म्हणून भरती केली. त्या दलाचं नाव 'कॅरियर कोअर'. त्यांचा तळ इथं पडला होता, आणि त्या इंग्रजी नावाचं लोकांच्या तोंडी कारियाकू झालं. हजारो हमाल रोगराईनं आणि उपासमारीनं मेले. लढाई ज्यांची होती त्यांच्या सेनापतींवर पुस्तकं निघाली. ज्यांनी ओझी वाहिली त्यांच्या नावानं भाजीबाजार राहिला. माझ्या पाठीवर नऊ किलोची पिशवी होती आणि तिनंच माझे खांदे दुखत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, त्यांच्या बाराला आणि माझ्या सहाला, बस मिळाली. दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटर. रुफिजी नदीवरचा लांबलचक पूल ओलांडून आम्ही किल्वा मासोकोला पोचलो. समोरच्या बेटावर जुनं किल्वा आहे. पर्यटकांसाठी यांत्रिक होडी होती, पण तिचं भाडं ऐकून मी शिडाच्या होडीची वाट पाहत बसलो. भरती यायला दोन तास लागले. तेवढ्यात दोन शाळामास्तर भेटले, त्यांनाही पलीकडं जायचं होतं. भाडं वाटून घेतलं.

त्या होडीत वाऱ्याचं गणित कळलं. या किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा वाहतो, त्याला 'कास्काझी' म्हणतात. पुढं वारा फिरतो आणि नैर्ऋत्येकडून 'कुसी' सुटतो. अरबस्तान, कच्छ, गुजरात, कोकण इथली गलबतं कास्काझीवर आफ्रिकेला यायची आणि कुसीवर परत जायची. तोच वारा पुढं आपल्याकडं पाऊस घेऊन येतो आणि आमच्याकडच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवतात. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला परमुलखात काही महिने थांबावंच लागे. थांबला की घर करी, लग्न करी, भाषा शिके. इथली संस्कृती थांबलेल्या माणसांनी आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या माणसांनी मिळून घडवली आहे.

किल्वा एके काळी या किनाऱ्यावरचं सगळ्यात श्रीमंत शहर होतं. दक्षिणेकडच्या सोफालाचं सोनं इथून जाई. १३३१ मध्ये इब्न बतूता इथं आला आणि जगातल्या सुंदर, उत्तम बांधलेल्या शहरांमध्ये त्यानं किल्वाची गणना केली. त्या वेळी सुलतान होता अल-हसन बिन सुलेमान. त्याच्या दातृत्वाची एक गोष्ट बतूतानं लिहून ठेवली आहे. शुक्रवारच्या नमाजानंतर एका फकिरानं सुलतानाला वाटेत अडवलं आणि अंगावरची वस्त्रंच मागितली. सुलतानानं मशिदीत परत जाऊन साधे कपडे घातले आणि उतरवलेली वस्त्रं फकिराला दिली. पुढं हा सुलतान वारला आणि त्याचा भाऊ गादीवर आला. कुणी मागायला आलं की तो म्हणे, देणारा गेला आणि मागं द्यायला काहीच ठेवलं नाही! कमी पैशांत हिंडणाऱ्याला ही गोष्ट विशेष आवडते. स्वतः बतूताही यजमानांच्या जिवावरच हिंडला, आणि पुढं दिल्लीत तुघलकाच्या दरबारी असताना कर्जात बुडाला, हेही आम्हा कर्जविभागवाल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

बेटावर आता छोटं खेडं आहे. केळी, नारळ, शेळ्या. त्यांच्यामध्येच प्रवाळाच्या दगडात आणि चुन्यात बांधलेली मोठी मशीद उभी आहे. तिचा जुना भाग अकराव्या शतकातला, घुमटांचा भाग चौदाव्या. बरंच छत पडलेलं, तरी कमानी उभ्या. १९८१ मध्ये युनेस्कोनं किल्वाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मी गावातल्या साध्या मशिदीत असरची नमाज पढलो. शेजारी मासेमारी करणारा म्हातारा होता. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. पण उभं कधी राहायचं आणि वाकायचं कधी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

या किल्वावर जुलै १५०५ मध्ये पोर्तुगीज आरमार आलं. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को द आल्मेदा. शहर लुटलं, किल्ला बांधला, पुढं जाऊन मोंबासा जाळलं, आणि तिथून तो हिंदुस्थानात पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय म्हणून आला. १५०८ मध्ये आपल्या चौलजवळच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला. सूड घ्यायला आल्मेदा आरमार घेऊन निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर त्यानं वाटेतलं दाभोळ जाळलं. आमचं दाभोळ! ही आगीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण आमच्याआधी साडेतीन वर्षं तोच माणूस किल्वाला येऊन गेला होता, हे मला त्या पडक्या भिंतीशी उभं राहिल्यावर खऱ्या अर्थानं उमगलं. होडीतून परतताना मी मास्तरांना ते सांगितलं. एक मास्तर म्हणाले, 'म्हणजे तुम्ही आमचे शेजारी.' मला फार बरं वाटलं. इथंच थांबलो असतो तर हे भाषण गोड झालं असतं.

पण परतीच्या वाटेवर मी किल्वा किविंजेला उतरलो. मासोकोपासून तीसेक किलोमीटर. बेटावरचं किल्वा उतरणीला लागल्यावर एकोणिसाव्या शतकात हे बंदर भरभराटीला आलं. कशावर? गुलामांच्या व्यापारावर. न्यासा सरोवराच्या आसपासची माणसं पकडून, गळ्यात लाकडी जोखड घालून, आठवडेच्या आठवडे चालवत इथं आणत. इथून गलबतात कोंबून झांजिबारला. दरवर्षी हजारो माणसं या वाळूवरून गेली आहेत. जी वाटेत पडली ती कुणी मोजलेली नाहीत.

किविंजेच्या रस्त्याला दुतर्फा जुनी घरं आहेत. बरीचशी पडकी. कोरीव दरवाजे, लाकडी सज्जे. ती आपली वाटतात, कारण ती आपलीच आहेत. हिंदी व्यापाऱ्यांनी बांधलेली. मी एका दरवाज्यासमोर उभा होतो तेव्हा ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, 'म्हिंदी?' म्हणजे हिंदुस्थानी का? मी मान हलवली. मग त्यानं घराकडं हात करून काहीतरी विचारलं. बजाजीवाल्या पोरानं मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला, 'हे घर तुमच्या लोकांचं का, असं विचारतात.' मी घाईघाईनं म्हणालो, 'हापाना, हापाना.' नाही, नाही. म्हातारा 'बरं' म्हणून गप्प बसला. माझी ती घाई मात्र मला रात्रभर टोचत राहिली.

तो व्यापार कसा चालायचा ते सांगतो. झांजिबारला ओमानी सुलतानाची राजवट होती. आतल्या मुलखात ताफे घेऊन जाणारे अरब आणि स्वाहिली व्यापारी. पण ताफा उभा करायचा तर कापड लागे, मणी लागत, पितळेची तार लागे, हमालांचा मुशाहिरा लागे. हे सगळं उधारीवर देणारे बहुतेक हिंदी सावकार होते. कच्छी भाटिये, खोजे, बोहरे. हिंदूही आणि मुसलमानही. ताफा वर्ष-दोन वर्षांनी परत येई. हस्तिदंत येई, गुलाम येत, आणि त्यातून सावकाराचं व्याजासकट फिटे. झांजिबारच्या जकातीचा मक्ता १८३० च्या दशकापासून सुमारे चार दशकं जयराम शिवजी यांच्या पेढीकडं होता. लवंगेवर जकात, हस्तिदंतावर जकात, आणि गुलामांवरही जकात, माणशी ठरलेली. हस्तिदंत मोठ्या प्रमाणात मुंबईला उतरे आणि त्यातून नववधूंच्या हातांतले चुडे होत. १८६० साली झांजिबारचा इंग्रज वकील रिग्बी यानं, ब्रिटिश प्रजाजन असलेल्या हिंदी लोकांनी गुलाम बाळगणं गुन्हा आहे, असं जाहीर केलं आणि त्यांच्या घरांतून, बागांतून हजारो गुलाम मोकळे करवले. म्हणजे आपली माणसं नुसती कर्ज देत नव्हती, माणसंही बाळगत होती.

स्वाहिलीत कर्जाला 'देनी' म्हणतात. ऐकल्याबरोबर मला वाटलं, हे आपलं मराठी 'देणं'. तसं नाही. त्यांचा शब्द अरबी 'दैन'वरून आला, आपला संस्कृतातून. दोन वेगळ्या मुळांचे शब्द या किनाऱ्यावर सारखे वाजतात एवढंच. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा मी त्याचाच विचार करत होतो. मी पंचवीस वर्षं कर्जखाती लिहितो आहे. खात्यावर नाव असतं, रक्कम असते, तारीख असते, जामीनदार असतो. पैसा पुढं कुठं गेला याचा रकाना खातेवहीत नसतो. कागद स्वच्छ असतो. झांजिबारच्या पेढीवर बसलेल्या माझ्यासारख्या एखाद्या कारकुनानंही वळणदार अक्षरात असाच स्वच्छ कागद लिहिला असणार. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्यासारख्याला सांगायला जड जाते. माणसांचा तांडा घेऊन किविंजेला आलेल्या व्यापाऱ्यानंही मी पढलो तीच नमाज पढली असणार, त्याच दिशेला तोंड करून. शेजारी उभं राहणाऱ्याचं सगळंच आपलं मानायचं असेल, तर हेही मानावं लागेल.

किविंजेहून दार, आणि तिथून उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर बागामोयो. दालादाला बदलत गेलो. बागामोयो हे ताफ्यांचं मोठं नाकं. टांगानिका सरोवराकाठच्या उजीजीपासून निघालेली वाट हजारावर किलोमीटर चालून इथं समुद्राला भिडे. 'ब्वागा मोयो' म्हणजे काळजावरचं ओझं उतरव. वाटाडे सांगतात, की गुलाम इथं पोचल्यावर आपलं काळीज इथंच ठेवून जात, कारण आता घर पुन्हा दिसणार नसे. अनेक इतिहासकार मात्र म्हणतात, की हे नाव हमालांचं. बागामोयोला येणारे बहुतेक हमाल न्यामवेझी जमातीचे, मजुरीवर चालणारे मोकळे लोक होते. तीस-पस्तीस किलोचं ओझं तीन महिने वाहून समुद्र दिसला, की ते म्हणत, उतरव आता. मला दोन्ही अर्थ खरे वाटतात. एकाच वाटेनं दोन्ही प्रकारची माणसं आली.

आणि याच बागामोयोत माझी गाठ नाशिकशी पडली.

आरमारी गस्तीची इंग्रजी जहाजं समुद्रात गुलामांची गलबतं पकडत. त्यातल्या मुलांना परत कुठं सोडायचं? बरीच मुलं मुंबईला आणली गेली. मिशनऱ्यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर वसवलं होतं. तिथल्या आश्रमात ही आफ्रिकी मुलं वाढली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईहून शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्यानं नाशिकची नऊ मुलं सोबत घेतली. चुमा नावाचा आणखी एक तरुण होता. त्याला लहानपणी गुलामांच्या तांड्यातून सोडवलं होतं, आणि तो मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. १८७२ मध्ये नाशिकचे आणखी काही तरुण लिव्हिंग्स्टनकडं पाठवले गेले. त्यांत जेकब वेनराइट होता.

मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला. सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज तिथंच एका झाडाखाली पुरलं. वेनराइटनं प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली. मग मीठ लावून वाळवलेला देह सालीत आणि कापडात गुंडाळून, चुमा आणि सूसी यांच्या पुढारपणाखाली, नऊ महिने ते चालत राहिले. दीड हजारावर किलोमीटर. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या मिशनमध्ये पोचले. एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब वेनराइट होता.

कविसंमेलनांच्या निमित्तानं मी नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून कितीदा गेलो असेन. हे नाव कुणाला शरण दिल्याचं आहे, हे मला बागामोयोच्या चर्चच्या अंगणात उभं राहिल्यावर आठवलं. आपल्याच मुलखातल्या सावकारांच्या पैशावर पकडली गेलेली मुलं आपल्याच मुलखात येऊन शिकली, आणि परत जाऊन त्यांनी तीच वाट ओझं घेऊन तुडवली. आमच्या शाळेच्या पुस्तकात लिव्हिंग्स्टन होता. नाशिकची मुलं नव्हती.

शेवटचे चार दिवस झांजिबारला. परदेशी माणसाला बोटीचं तिकीट पस्तीस डॉलर, स्थानिकांना कितीतरी कमी. खिडकीवर मी 'लाकी'चा हिशेब पुन्हा एकदा केला आणि दोन दिवस दुपारचं जेवण उकडलेल्या कसाव्यावर भागवलं. जिथं गुलामांचा बाजार भरायचा तिथं आता चर्च आहे. बाहेर एका खड्ड्यात गळ्यात साखळ्या घातलेले पुतळे उभे आहेत. हा बाजार बंद झाला तो जून १८७३ मध्ये. तो बंद करावा म्हणून सुलतान बर्गशकडं बोलणी करायला इंग्रजांनी पाठवलं होतं सर बार्टल फ्रियर यांना, मुंबईच्या माजी गव्हर्नरांना. मुंबईच्या आजच्या पी. डिमेलो रस्त्याला पूर्वी त्यांचंच नाव होतं. त्यांना दाद मिळाली नाही. पुढं जॉन कर्क या वकिलानं नाकेबंदीची धमकी दिली तेव्हा तह झाला. पण व्यापार बंद झाला म्हणून गुलामी गेली नाही. झांजिबारमध्ये ती कायद्यानं १८९७ साली संपली, आणि मुख्य भूमीवर १९२२ मध्ये.

झांजिबारचे लेखक अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्यांच्या 'पॅरडाइज' या कादंबरीतला पोरगा बापाच्या कर्जापोटी सावकाराकडं ठेवला जातो. त्याला स्वाहिलीत 'रेहानी' म्हणतात. आपल्या जुन्या खतांतला 'रेहन', म्हणजे गहाण. हाही शब्द दोन्ही किनाऱ्यांवर आहे.

या देण्याची वसुलीही झाली, पण भलत्याकडून. १२ जानेवारी १९६४ ला झांजिबारमध्ये क्रांती झाली. हजारो अरब आणि हिंदी मारले गेले किंवा परागंदा झाले. ज्यांनी ताफ्यांना कर्ज दिलं ते केव्हाच मातीत गेले होते. मार खाल्ला तो छोट्या दुकानदारांनी, शिंप्यांनी, मास्तरांनी. इतिहासाचा हिशेब असाच चुकीच्या पत्त्यावर जातो. म्हणून तो वेळेवर, खऱ्या नावानं मांडलेला बरा. मी किविंजेच्या ओट्यावर 'नाही' म्हणालो, ते घरापुरतं खरं होतं. पण 'घर माझं नाही. मात्र इथं जे घडलं त्यात आमची माणसं होती' एवढं म्हणायला हवं होतं. तेवढे स्वाहिली शब्द मला येत नव्हते, ही सबब झाली.

घरी परतलो तेव्हा लाखातले सहाशे चाळीस रुपये शिल्लक होते. कार्यालयात रुजू झालो, थकबाकीच्या नोटिसा लिहायला बसलो. आता प्रत्येक नावाशी क्षणभर थांबतो, एवढाच फरक पडला आहे.

रविवारी भावाची नात विहिरीवर आली. पायऱ्या उतरताना मी तिचा हात धरला आणि म्हणालो, 'मोजा, म्बिली, ताटू.' तिनं विचारलं, 'म्हणजे काय?' दादीला जे सांगता आलं नाही ते मी तिला सांगायला बसलो. बराच वेळ लागला. पाणी आणायचं राहून गेलं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)